घरातलं बोलणं आटतंय

दिवाळीची सुट्टी संपून बालवाडी उघडली त्या दिवशी साडेतीन वर्षांचा एक मुलगा दारातूनच सांगत आला, "ताई, मी माती आणली, पाणी ओतलं, किल्ला करला!" मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईनं लगेच सुधारलं, "करला नाही रे, केला." मग माझ्याकडे बघून ती जराशी ओशाळली. "घरात असं कुणीच बोलत नाही हो. कुठनं उचललं कोण जाणे."

त्यानं ते कुठूनच उचललेलं नव्हतं. बसला, भरला, धरला, मारला असे शब्द रोज कानावर पडतात. त्यांतून त्यानं मनाशी एक नियम बांधला आणि तो ‘करणे’ला लावून पाहिला. घरात कुणीही न उच्चारलेला शब्द त्यानं स्वतः घडवला. शिवाय त्याच वाक्यात त्यानं आणखी एक गोष्ट केली होती, जी आईच्या लक्षातही आली नाही. माती आणली, पाणी ओतलं, किल्ला करला. एका दमात तीन लिंगं, आणि तिन्ही क्रियापदं कर्माच्या मागे बरोबर गेलेली. हाच मुलगा "मी आलो" म्हणताना क्रियापद स्वतःच्या मागे नेतो. पुण्यात मराठी शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी या एका गोष्टीवर महिनोन्‌महिने घाम गाळतात. या मुलाला ती कुणी समजावून सांगितलेली नाही. सांगायची म्हटली तर त्याच्या आईलाही सांगता आली नसती, मलाही प्रशिक्षणात शिकेपर्यंत आली नसती.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकी अभ्यासक बाईंनी लहान मुलांपुढे पाखरासारख्या दिसणाऱ्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र ठेवलं आणि त्याला ‘वग’ असं बनवलेलं नाव दिलं. मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडलं. मुलांनी ‘वग्ज’ म्हणून ते पूर्ण केलं. जो शब्द जगात नव्हता, त्याचं अनेकवचन त्यांना येत होतं. पुढच्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या मतावर कडाडून टीका केली. ऐकायचं, नक्कल करायची, शाबासकी मिळाली की पक्कं करायचं, एवढ्यावर भाषा येते हे स्किनर यांचं म्हणणं चॉम्स्कींना मान्य नव्हतं. मूल जन्मतः काय घेऊन येतं आणि भोवतालातून काय उचलतं, हा वाद त्यानंतर आजवर चालू आहे. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पण बालवाडीच्या सतरंजीवर बावीस वर्षं बसल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकते की मूल पोपट नसतं. ते कान देऊन ऐकतं, ताडून बघतं, नियम काढतं, आणि हे सगळं करायला त्याला माल लागतो. हा माल म्हणजे त्याच्याशी, त्याच्याकडे बघून, त्याच्या उत्तराची वाट बघत केलेलं भरपूर बोलणं. पुण्यातल्या मराठी घरांमध्ये नेमकं हेच बोलणं आटत चाललं आहे, आणि ते शाळांच्या सांगण्यावरून आटतं आहे. म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पालकसभेनंतर एक आई थांबली. मुलगी चार वर्षांची. आमच्याकडे सकाळी बालवाडी आणि दुपारी एका इंग्रजी शाळेचा पूर्वप्राथमिक वर्ग, अशी तिची दुहेरी हजेरी चालली होती. तिथल्या बाईंनी आईला सांगितलं होतं, "घरी मराठी बंद करा, नाहीतर ती मागे पडेल." आई भोर भागातली, बारावी झालेली, बोलण्यात अतिशय रसाळ. बहिणीशी फोनवर बोलताना मी तिला ऐकलं होतं. सासूची नक्कल, गावच्या जत्रेचं वर्णन, मध्येच एखादी म्हण, ऐकत राहावं असं. तीच बाई मुलीकडे वळली की म्हणायची, "कम. सिट. बॉटल घे. नो नो, डर्टी. फास्ट फास्ट."

त्यानंतर मी आणखी घरं कान देऊन ऐकायला लागले. फाटकाशी, रिक्षात, सोसायटीच्या बागेत, सारसबागेतल्या बाकावर. जिथे आईवडिलांना इंग्रजी कामापुरतंच येतं, तिथे त्या भाषेत मुलांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात: नावं आणि हुकूम. डॉगी, काऊ, रेड, यलो. ईट, स्लीप, से थँक्यू. ‘का’ नाही, ‘म्हणून’ नाही, ‘पण’ नाही. काल काय झालं ते नाही, उद्या काय करायचं ते नाही. ‘तू असतीस तर’ किंवा ‘पाऊस आला नसता तर’ हे तर नाहीच. मुलाशी मराठी बोलायचं नाही हे ठरलेलं आणि इंग्रजीत जास्त सांगता येत नाही, म्हणून आई गप्प बसते. उरलेली जागा मोबाइल भरून काढतो. कार्टून बघून मूल इंग्रजी बोलायला लागलं की घराला वाटतं, जमलं.

मोबाइलबद्दल एक प्रयोग मी प्रत्येक पालकसभेत सांगते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसलं, खेळणी दाखवत, पुस्तकं वाचत, बाळाच्या डोळ्यांत बघत. अशी बारा सत्रं झाली. दुसऱ्या बाळांना तेच सगळं पडद्यावर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं. माणसासमोर बसलेली बाळं चिनीतले वेगळे आवाज ओळखायला शिकली. पडदा बघणारी आणि नुसतं ऐकणारी काहीच शिकली नाहीत. बोलणं तेच होतं आणि वेळही तेवढाच. समोर माणूस आहे की नाही, एवढाच फरक होता.

"ताई, पण लहानपणी भाषा लवकर येते ना? मग आत्ताच इंग्रजी नको का?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

आवाजांच्या बाबतीत ते खरं आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा कॅनडातला अभ्यास आपल्याला फार जवळचा वाटावा असा आहे, कारण त्यात आपल्याच ‘ट’ आणि ‘त’चा प्रश्न होता. आपल्याला टाक आणि ताक यांत गोंधळ होत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो फरक ऐकूच येत नाही. त्यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती जाण गेलेली होती. घरात जे ऐकू येत नाही, ते कान पहिल्या वर्षातच सोडून द्यायला लागतो. म्हणजे अस्सल उच्चार हवे असतील तर लवकर कानावर पडलेलं चांगलं, हे मान्य. पण उच्चार म्हणजे भाषा नव्हे. आणि आपण घरी जे इंग्रजी बोलतो, त्यात आवाज आपलेच असतात. ते बोलून आपण मुलाला इंग्रजीचा कान देत नाही. मराठीचा भरणा मात्र कमी करतो.

बाकी भाषेचं म्हणाल, तर ‘जितकं लहान तितकं लवकर’ हे गृहीत तपासून बघावं. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनाखेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांना डच शिकताना पाहिलं. त्यांचा अभ्यास १९७८ चा आहे. सुरुवातीला सगळ्यांत पुढे होती ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. तीन ते पाच वर्षांची मुलं चाचण्यांत सगळ्यांत मागे होती. कारण उघड आहे. बारा वर्षांच्या मुलाला वाक्य म्हणजे काय, कारण म्हणजे काय, गोष्ट कशी सांगतात हे आधीच माहीत असतं. त्याला फक्त नवी भाषा शिकायची असते. तीन वर्षांच्या मुलाला मुळात बोलणं म्हणजे काय तेच अजून उमगत असतं.

मी एकाच भाषेचा आग्रह धरते आहे असा गैरसमज व्हायला नको. दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो ही समजूत चुकीची आहे. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलमधली दहा वर्षांची मुलं अभ्यासली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरली. पण त्यांनी निवडलेल्या मुलांना दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या येत होत्या, हे विसरू नये. आपल्या कॅम्पात, रास्ता पेठेत, खडकीत कित्येक घरांत आजी एका भाषेत बोलते, वडील दुसऱ्या आणि शेजार तिसऱ्या. ती मुलं तिन्ही सहज बोलतात, कारण तिन्ही भाषांत त्यांच्याशी कुणीतरी भांडतं, लाड करतं, गोष्ट सांगतं. ज्या घरात आईवडिलांना इंग्रजीत भांडता येतं, रडता येतं, रात्रीची गोष्ट रचता येते, त्यांनी खुशाल मुलाशी इंग्रजी बोलावं. माझं म्हणणं बाकीच्या घरांसाठी आहे, आणि ती घरं फार आहेत.

या घरांमध्ये हरवतं काय? एक उदाहरण मला नेहमी आठवतं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. "आपण बागेत जाऊ" म्हटलं की ऐकणारा त्यात आला. "आम्ही बागेत जाऊ" म्हटलं की तो बाहेर राहिला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. मराठीत वाढणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला हा फरक पक्का कळतो, कारण तिला तो लागतो. मैत्रीण म्हणाली, "आम्ही घरघर खेळतोय," की तिचा चेहरा पडतो. "आपण खेळू या" म्हटलं की ती पळत जाते. समोरचा माणूस माझ्यात आहे की माझ्या बाहेर, हे प्रत्येक वाक्याच्या आधी मनात ठरवायला ही भाषा तिला भाग पाडते. तसंच ‘म्हणे’. "राजा म्हणे रानात गेला." मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, हे सांगणारा एवढासा शब्द. बाकी ना, तर, की, हं, बरं का, या सगळ्या बारीक शब्दांनी बोलण्यात माणूस येतो. अलीकडे मोठ्या गटात अशी मुलं येतात ज्यांना रंगांची इंग्रजी नावं धडाधड सांगता येतात, पण "काल काय झालं सांग बरं" म्हटलं की ती एकेक शब्द टाकत थांबतात. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ ती कसेही वापरतात. डॉक्टरांकडे नेऊन आणलेलं असतं. कानात दोष नसतो, जिभेतही नसतो.

आणि हे शाळेत पुढे सरळ उभं राहतं. माझ्या शेजारची चौथीतली मुलगी बाष्पीभवनाची इंग्रजी व्याख्या न अडखळता म्हणून दाखवत होती. मी विचारलं, "मग मे महिन्यात गच्चीवरचे कपडे लवकर का वाळतात?" ती गप्प. हा प्रश्न तिच्या व्याख्येशी जोडलेलाच नव्हता. इथे मराठी पाठ्यपुस्तकाचीही बाजू घेऊन चालणार नाही. ‘बाष्पीभवन’ हा शब्दसुद्धा तितकाच घोकता येतो आणि घोकला जातो. पण मराठी घरातल्या मुलाकडे त्या शब्दाच्या खाली एक आख्खा थर असतो: कपडे वाळतात, जखम सुकते, तळं आटतं, पूर ओसरतो, धुतलेली मेथी निथळते. पाणी नाहीसं होण्याच्या इतक्या तऱ्हा त्याच्या कानांना आणि हातांना ओळखीच्या असतात. चांगली बाई त्यांना हात घालते आणि तिथून व्याख्येपर्यंत नेते. आई गप्प झाली की हा थर जमत नाही. मग व्याख्या मराठीत असो की इंग्रजीत, ती टेकणार कशावर?

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी चार दशकांपूर्वीच एक फरक दाखवून दिला होता. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरती सफाई मुलांना साधारण दोन वर्षांत येते. त्या भाषेत अभ्यास करण्याची, कारणं मांडण्याची, वाचून समजण्याची ताकद यायला पाच ते सात वर्षं लागतात. पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसरीत कामी येते, हेही त्यांनी मांडलं. आपल्याकडे पहिली सफाई दिसली की पालक निर्धास्त होतात. खरा खड्डा पाचवी-सहावीत दिसतो, आणि तेव्हा शिकवणी लावली जाते.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. पुण्यातल्या पेठांमध्ये, कोथरूडमध्ये राहणाऱ्यांनी आपली मुलं इंग्रजीतून शिकवून परदेशी पाठवली, आणि आता वस्तीतल्या पालकांना मराठीचं महत्त्व सांगायला निघाले. हा आक्षेप खरा आहे. मी तो तोंडावर ऐकलेला आहे, आणि ऐकून मान खाली घातलेली आहे. याच शहरात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या आपल्या कवितांतून शूद्र-अतिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला होता. ज्यांना संस्कृत आणि त्यामागचं सगळं ज्ञान शतकानुशतकं नाकारलं गेलं, त्यांच्यासाठी इंग्रजी हा दरवाजा होता आणि आजही आहे. हिंजवडीत, खराडीत नोकरी कोणत्या भाषेत मिळते हे धुणीभांडी करणाऱ्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिनं इंग्रजी मागितली तर ती तिला मिळालीच पाहिजे, आणि उत्तम मिळाली पाहिजे.

पण तिला मिळतं काय, ते बघा. दोन खोल्यांतली एक शाळा, टाय, बूट, महिन्याला तिच्या पगाराचा मोठा हिस्सा, आणि वर्गात अशा बाई, ज्यांना स्वतःला इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनाही कुणी नीट शिकवलेलं नाही. फळ्यावरचं वहीत, वहीतलं परीक्षेत. वर घरी बोलायची बंदी. ज्या मुलाकडे पैसा नाही, पुस्तकं नाहीत, त्याच्याकडे फुकट असलेली एकच श्रीमंती, आईचं बोलणं, तीही काढून घेतली जाते. इंग्रजी तर पदरात पडतच नाही. सधन घरात हे भरून निघतं. तिथे आजी असते, पुस्तकं असतात, चांगली शाळा असते. म्हणून मी वस्तीतल्या आईला "इंग्रजी सोड" असं कधीच म्हणत नाही. "तुझं बोलणं सोडू नकोस" एवढंच सांगते.

आणि ‘तुझं बोलणं’ म्हणजे माझं पुणेरी बोलणं नव्हे. आपण मातृभाषेचा झेंडा घेतो तेव्हा मुलाच्या तोंडातल्या ‘पानी’ला हसतो, हे मी माझ्याच सहकाऱ्यांमध्ये पाहिलं आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतःही केलं आहे. त्याची मला आजही लाज वाटते. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलानेही ‘करला’वाल्या मुलासारखेच नियम बांधलेले असतात, त्याच्या घरच्या बोलीचे. पहिल्याच दिवशी ते चूक ठरवले की ते मूल बोलणं आखडून घेतं. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्याच बोलीचा पीएच.डी.साठी अभ्यास केला आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. इथल्या बोलण्याला इतका मान एका बाहेरून आलेल्या बाईंनी दिला. आपल्या बालवाड्यांनी तेवढा तरी द्यावा. बांधकामाच्या साइटवरून येणारी मुलं तेलुगू, कन्नड, छत्तीसगढी बोलतात, बंजारा घरातली मुलं गोरमाटी बोलतात. त्यांच्यासाठी माझी मराठी ही परभाषाच आहे. त्यांच्याशी पहिले काही महिने खुणांनी, गाण्यांनी, त्यांचेच चार शब्द शिकून बोलावं लागतं. त्यांच्या आयांनाही मी तेच सांगते: तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला, मराठी मी बघते.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि २९ जूनला सरकारनं त्याबाबतचे निर्णय मागे घेतले. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये हे माझंही मत होतं. पण त्या दोन-अडीच महिन्यांत मला एक गोष्ट बोचत राहिली. त्याच मुलाच्या घरात तीन वर्षांपासून मराठीला बंदी घातली जाते, त्यावर कुणी रस्त्यावर आलं नाही. कारण त्याचा शासन निर्णय निघत नाही. तो प्रवेशाच्या वेळी गोड आवाजात सांगितला जातो.

कायदे आपल्या बाजूचे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं सांगतं, आणि १३ वं कलम प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई करतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे. तरी चार वर्षांच्या मुलाला त्याचं नाव इंग्रजीत विचारून त्याच्या आईबापांची परीक्षा घेतली जाते. पूर्वप्राथमिक वर्गांवर नियंत्रण ठेवणारी पक्की व्यवस्था राज्यानं उभी करावी आणि तिच्यात एक गोष्ट स्पष्ट लिहावी: घरी कोणती भाषा बोलायची हे शाळेनं पालकांना सांगायचं नाही. महापालिकेच्या बालवाड्यांतल्या ताईंना मुलांशी बोलायचं प्रशिक्षण द्यावं. फळ्यावर अक्षरं काढायचं नंतर बघता येईल. आणि मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीला जे इंग्रजी आहे, ते शिकवायला खरंच इंग्रजी येणारी माणसं नेमावीत. हे झालं नाही तर पालक मराठी शाळेकडे वळणार नाहीत, आणि त्यांनी का वळावं?

भोरकडच्या त्या आईला मी एवढंच सांगितलं होतं की रोज रात्री दिवा घालवल्यावर मुलीला आपल्या लहानपणचं काहीतरी सांग, जसं बहिणीला सांगतेस तसं. पहिले काही दिवस तिला अवघडल्यासारखं झालं. मग एकदा तिनं गावातल्या विहिरीची गोष्ट सांगितली; ती आठ वर्षांची असताना कठड्यावरून वाकली होती आणि चुलत्यानं वेणी धरून मागे ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीला सोडायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन ती हसत हसत सांगायला लागली, पण डोळ्यांत पाणी होतं. गोष्ट संपल्यावर मुलगी बराच वेळ गप्प पडून राहिली होती. मग अंधारात तिनं विचारलं, "आई, तू पडली असतीस तर मी कुणाच्या पोटात आले असते?"